नदीपलीकडची निरोगी हरणं

१२ सप्टेंबर

वन्सं,

तुझ्या पेटीत कोरडं राहिलं ते फक्त झाकणाला चिकटवलेलं तुझं पत्र. बाकी सगळ्याचं सरबत झालं होतं. बर्फ वितळलेला, पिशव्यांवरचे आकडे पुसट, आणि प्लीहेच्या तुकड्यांना असा वास, की शेजारच्या टेबलावरची उठून गेली ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत परत आली नाही. व्हॅनवाल्याला विचारलं तर म्हणतो, "वाटेत चहाला थांबलो होतो, गाडी उन्हात राहिली." तुझ्या चौकीवर फोनचा टॉवर येणार येणार म्हणून तुझी निम्मी नोकरी सरली. म्हणून हे भांडणही पत्रातूनच करावं लागतंय.

आता कामाचं. या भानगडीत मला तूच ओढलंस, हे आधी कबूल कर. आमच्याकडे जेवताना म्हणालीस, "वहिनी, खोऱ्यात चिलटं चावून हरणं मरतायत, पण सगळी मरत नाहीत. त्याच पाण्यावरची, त्याच चिलटांनी चावलेली काही उठून चालायला लागतात. जंगलातली डॉक्टर मी आहे, पण हे माझ्या सुरीने कळायचं नाही. तू प्रयोगशाळेत बसतेस, तू शोध." मी आपली हो म्हणून बसले. पोळी वाढणाऱ्याला नाही म्हणता येतं, नणंदेला येत नाही.

काल साहेबांनी खोलीत बोलावलं. ते बसतात त्या वन्यजीव समितीचं ठरल्यात जमा आहे. चिलटांतून पसरणारा हा व्हायरस हरणांकडून आपल्या गुरांना येतो म्हणून खोऱ्याभोवतीच्या गुरंवाल्यांनी धोशा लावलाय. थंडी पडली की खोऱ्यातला सगळा कळप गोळ्या घालून संपवायचा आणि दुसरीकडची हरणं आणून सोडायची, असा बेत आहे. तो थांबवायला एकच वाट दिसते. व्हायरसला पुरून उरणारी हरणं याच कळपात आहेत आणि ते त्यांच्यात पिढीजात आहे, हे दाखवायचं. त्यांना मारलं तर ते वाणच जाईल, हे समितीला पटलं तर पटलं.

त्यासाठी मला दोन ढीग हवेत, एक मेलेल्यांचा आणि एक निरोगी हरणांचा. दोन्हींचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते बघायचं. तुझ्याकडून आलेत ते सगळे मेलेले. एकाच ढिगाची तुलना मी कशाशी करू, माझ्या डोक्याशी? महिन्याभरात तीसेक निरोगी पाठव. कसेही पाठव.

तुझा भाऊ विचारतोय, तू वेळेवर जेवतेस का. मी म्हटलं, हे तुम्ही स्वतः लिहा. तर म्हणतो, तू लिहितेच आहेस तर लिही. हा तुमच्या घरचा आळस आहे. त्याचंही जनुक सापडेल एखाद दिवशी.

वहिनी

---

२३ सप्टेंबर

वहिनी,

आळसाचा पहिला नमुना माझ्या भावाचाच घे, संमतीपत्रावर मी सही करते.

मेलेलेच का पाठवते म्हणून ओरडतेस, पण मला सापडतात तेच मेलेले. ताप चढला की हरीण पाण्याकडे येतं. जीभ सुजून निळी पडते, तोंड मिटत नाही, मग ते डबक्यात मान टाकून उभं राहतं आणि थोड्या वेळाने बसतं. सकाळी मी पिशव्या घेऊन काठाकाठाने फिरते. गुडघाभर चिखल, वर चिलटांचा ढग, आणि हाताला तो वास. पहिल्या वर्षी वाटायचं आपण डॉक्टर आहोत. आता वाटतं आपण झाडूवाल्या आहोत.

एकीचं मात्र सांगते. एक मादी आहे, डाव्या कानाचं टोक गेलेलं, म्हणून मी तिला कानतुटी म्हणते. ऑगस्टमध्ये ती पाण्यात बसली तेव्हा मी सुरी काढून तयार होते. तिचं पाडस काठावर उभं होतं. दुपारी बाई उठल्या, शिंकल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी सुरी पाठीमागे लपवली. आता ती रोज माझ्या मिठाच्या लादीवर येते, जीपला भीत नाही. तिच्या चारही खुरांवर एक आडवी खाच पडलीय. तापात खुराची वाढ थांबते आणि बरं वाटलं की परत सुरू होते, त्याची ती खाच. अशा खाचेची आणखीही हरणं आहेत. तुला हवी आहेत ती खरी हीच.

पण जिवंत हरणाच्या कानाचा तुकडा घ्यायचा म्हणजे भुलीचं इंजेक्शन मारायला हवं, आणि त्याला परवानगी लागते. माझा अर्ज उन्हाळ्यापासून तुझ्याच साहेबांच्या समितीकडे पडलाय. विचारलं की उत्तर येतं, "प्रक्रियेत आहे." माझी तर आता त्या शब्दानेच जीभ सुजते.

तरी तू कसेही पाठव म्हणालीस, म्हणून एक युक्ती केलीय. नदीपलीकडे हमरस्ता आहे, तिथे रात्री हरणं गाड्यांखाली येतात. दिसायला एकेक पहिलवान. ना ताप, ना सूज. मरायला ट्रक लागला, एवढी निरोगी. रस्त्यावरच्या लोकांना सांगून ठेवलंय, ते मला बोलावणं धाडतात. पहिली खेप या पेटीत आहे. प्रत्येक पिशवीवर निरोगी असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे पुसट म्हणून तुझी कुरकुर नको.

जेवते वेळेवर. दादाला सांग, डबा पाठवायची इच्छा असेल तर व्हॅन मोकळीच येते.

वन्सं

---

९ नोव्हेंबर

वन्सं,

आधी खुर्चीत बस, मग वाच.

फरक सापडला. डीएनएमधल्या एका जागी तुझ्या मेलेल्या हरणांत जवळजवळ सगळीकडे एक रूप आहे, आणि निरोगींत दुसरंच. इतका स्वच्छ फरक मी नोकरीत बघितला नव्हता. वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून मशीन पुन्हा चालवलं. तेच आलं. म्हणजे तुझं म्हणणं खरं. व्हायरसला दाद न देणारं वाण तुझ्या खोऱ्यात आहे, कळपाला हात लावायचं कारण नाही.

मी नाचायला हवं होतं, पण डोकं फिरलंय. साहेबांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. मी म्हटलं, थांबा, ही जागा रोगाशी लढणाऱ्या जनुकांच्या जवळपासही नाही, इथे फरक का दिसतोय ते मला बघू द्या. ते म्हणाले, "बाई, समिती सोमवारी आहे. तुमची तपासणी जन्मभर चालेल." नावं दोघांची घातली, त्यांचं आधी. मला आत बोलावलंही नाही, बाहेर बाकावर बसवून ठेवलं. दोन महिने डोळे फोडून काम मी करायचं आणि मिरवायचं त्यांनी. पण म्हटलं, कळप वाचतोय ना, मग जाऊ दे. मूग गिळून बसले.

"मरायला ट्रक लागला" हे वाक्य मी तुझ्या भावाला वाचून दाखवलं. पोट धरून हसलो आम्ही. तू गोष्टी लिहायला हव्यास.

कानतुटीला आणि तिच्या बाळाला माझा नमस्कार सांग.

वहिनी

---

२ डिसेंबर

सौ. वहिनीसाहेब यांस,

आदेश मिळाला. तुम्ही वाचला असेलच, तरी उतरवून पाठवते. "नदीपलीकडील कळप आनुवंशिकदृष्ट्या रोगप्रतिकारक असल्याचे सिद्ध झाले असल्याने खोऱ्यातील दुर्बल कळप जानेवारी व मार्च अशा दोन फेऱ्यांत नष्ट करावा व पलीकडील हरणे तेथे सोडावीत." खाली आधार म्हणून तुमचं नाव छापलंय. साहेबांच्या नंतर का होईना, छापलंय.

मी तुमच्याकडे कळप वाचवायला आले होते. तुम्ही तो शास्त्राच्या पावतीसकट मारणाऱ्यांच्या हातात दिलात. हे करायचंच होतं तर मला चिखलात कशाला लोळवलंत? मोठ्या खोलीत खुर्ची मिळणार असेल तर तसं सांगायचं होतं, मी अभिनंदनाचं पत्र पाठवलं असतं.

या पेटीत नमुने नाहीत. नुसता बर्फ आहे. तुमच्या साहेबांच्या सरबतात घाला.

आपली नणंद

---

८ डिसेंबर

वन्संबाई,

तुमचं पत्र मिळालं. खुर्ची वगैरे काही मिळालेली नाही. मी त्याच बाकावर आहे.

आता माझंही ऐका. आदेश वाचल्यावर मी साहेबांच्या खोलीत घुसले. त्यांनी भिंतीवर नकाशा लावलाय. मेलेल्यांना लाल टिकल्या, निरोगींना हिरव्या. सगळ्या लाल नदीच्या अलीकडे, सगळ्या हिरव्या पलीकडे. मी त्या टिकल्या पुन्हा पुन्हा तपासल्या, एकही दुसऱ्या काठावर नव्हती. तुमच्याकडे निरोगी मागितले होते ते खोऱ्यातले. पलीकडचे आणायला कोणी सांगितलं होतं? डॉक्टर ना तुम्ही? दोन वेगळ्या कळपांची अशी भेसळ करायची नसते एवढं कळू नये?

इथवर लिहून पेन ठेवलं होतं. रात्री तुझं सप्टेंबरचं पत्र पुन्हा काढलं. तू नदीपलीकडे असं सरळ लिहिलं होतंस. मी ट्रकवर हसले आणि नदी वाचलीच नाही. वर "कसेही पाठव" असं मीच लिहिलं होतं. तेव्हा निम्मी चूक मी माझ्याकडे घेते, निम्मी तू तुझ्याकडे ठेव, आणि ते तुम्ही तुम्ही बंद कर. मला ते झेपत नाही.

तुझ्या भावाला नक्की काय चुकलं ते समजावताना मी असं सांगितलं. समजा तुमच्या घरचे सगळे सर्दीने बेजार आहेत आणि माझ्या माहेरचे ठणठणीत. दोन्हीकडच्या नाकांची मापं घेतली. तुमच्याकडे सगळ्यांची नाकं चपटी, आमच्याकडे सरळ. म्हणून मी जाहीर केलं की सर्दी चपट्या नाकामुळे होते. खरं कारण एवढंच, की तुमच्याकडे कोणीतरी शिंकत आलं आणि आमच्याकडे कोणी आलंच नाही. मला सापडला तो रोगाचा फरक नव्हता, नुसता घराण्याचा होता. म्हणूनच तो इतका स्वच्छ होता. तुझा भाऊ तेवढ्यानेही नाकावर हात फिरवत आरशासमोर गेला.

साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पलीकडची हरणं निरोगी आहेत की नाहीत? मग झालं." मी म्हटलं, त्यांच्याकडे व्हायरस पोचलाच नसेल तर? ते म्हणाले, "तसा पुरावा आणा." पुराव्यासाठी खोऱ्यातल्या वाचलेल्या हरणांचे नमुने लागतात, त्यासाठी भुलीची परवानगी लागते, ती समिती देणार, आणि समितीची बैठक पहिल्या फेरीनंतर आहे. मी भिंतीला डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलंय.

काय करायचं ते सांग. मला सुचत नाही.

वहिनी

---

१९ डिसेंबर

वहिनी,

माझं नाक चपटं नाही. बाकी सगळं मान्य.

मला तू विकली गेलीस असं वाटलं होतं. ते लिहायला नको होतं. पण तेव्हा समोर कोणी नव्हतं, आणि व्हॅनवाल्यावर ओरडून झालं होतं.

पलीकडे व्हायरस का पोचला नाही ते मला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं. तो काठ खडकाळ आणि उताराचा आहे, पाणी साचत नाही. चिलटांना अंडी घालायला चिखल लागतो, तो सगळा आमच्याकडे. पलीकडची हरणं पहिलवान आहेत ती कधी आखाड्यात उतरली नाहीत म्हणून. हे मी वरच्या ऑफिसला लिहून कळवलं. उत्तर आलं की जीवशास्त्रीय बाबी प्रयोगशाळेच्या अखत्यारीत येतात. प्रयोगशाळा म्हणजे तुझे साहेब. चेंडू कुठूनही मारला तरी त्यांच्याच पायाशी जातो.

परवानगीशिवाय भूल द्यायचा विचार केला होता, खोटं कशाला बोलू. पण मला घरी बसवलं तर मार्चच्या फेरीला इथे उभं राहायलाही कोणी उरणार नाही. तेव्हा दुसरं ठरवलंय. जानेवारीत नेमबाज येतील तेव्हा मी त्यांच्याबरोबर जाणार. पडलेल्या प्रत्येक हरणाचा पाय आणि कानाचा तुकडा घेणार. ज्याच्या खुरावर खाच, ते रोग होऊन वाचलेलं. तुझ्याकडे मेलेल्यांचा ढीग आहेच. दोन्ही एकाच खोऱ्यातले, एकाच पाण्यावरचे. तुला हवा होता तो दुसरा ढीग मला असा मिळणार आहे. जिवंतपणी त्यांच्या कानाला टोचायला परवानगी नाही, मेल्यावर अख्खा पाय काप, कोणी विचारणार नाही.

यावर मला धीर देणारं काही लिहू नकोस.

वन्सं

---

२४ जानेवारी

वहिनी,

फेरी झाली. मोठी पेटी पाठवतेय, नीट उतरवून घे. प्रत्येक पिशवीत एक पाय आणि कानाचा तुकडा आहे. बर्फ या खेपेला मी स्वतः दाबून भरलाय आणि व्हॅनवाल्याला सांगितलंय, चहाला थांबलास तर पुढच्या पेटीत तू असशील.

पहिली पिशवी सगळ्यात नीट सांभाळ.

जास्त लिहवत नाही.

वन्सं

---

२ मार्च

वन्सं,

तुझी पेटी आली त्याच दिवशी साहेबांनी मला फ्रीजरच्या खोलीत शिरायला बंदी केली. "बंद झालेल्या विषयावर सामान खर्च करू नका." मग पेटी घरी आणली. रात्री तुझ्या भावाने दूध काढायला फ्रीज उघडला आणि त्याच्या हाताला खूर लागला. त्याने दूध न घेता फ्रीज लावला, सकाळी बाजारातून एक जुना फ्रीज उचलून आणला आणि म्हणाला, "हा तुम्हा दोघींचा." आळशी आहे, पण माणूस बरा आहे गं.

शेजारच्या टेबलावरचीने तिच्या वेळेत मशीन वापरू दिलं. साहेब जेवायला गेले की मी धावत जायची. आता ऐक. माझी आधीची जागा कचऱ्यात गेली, खोऱ्यातल्या सगळ्यांत तिथे एकच रूप आहे, मेलेल्यांत आणि वाचलेल्यांतही. पण दुसरीकडे, शरीर व्हायरस ओळखतं त्या जनुकांत, एक रूप आहे. खाच असलेल्या बहुतेकांत ते आहे, पाण्याजवळ मेलेल्यांत फार थोड्यांत. आणि पलीकडच्यांत जवळजवळ नाहीच. असेल कसं, व्हायरसने त्यांना चाळणीतून काढलंच नाही. हे चिलखत नव्हे. ते असूनही काही मेली, ते नसून काही वाचली. अशा दहावीस बारीक गोष्टी मिळून हरीण उठत असणार. पण हा फरक घराण्याचा नाही, रोगाचा आहे.

या खेपेला बाकावर बसले नाही. समितीची बैठक चालू असताना दार उघडून आत गेले आणि टेबलावर, चहाच्या कपांच्या मध्ये, चार खूर ठेवले. म्हटलं, या खाचेवर बोट फिरवा. ज्यांनी तुमचा व्हायरस पचवला त्यांचे हे पाय आहेत आणि गोळी आपण घातलीय. आधीचा निष्कर्ष माझा आहे, तो चूक आहे, माझं नाव काढा. साहेब पांढरे पडले. एका गृहस्थाने बोट फिरवलं खरं, मग हात पुसला.

मार्चची फेरी पुढे ढकलली. रद्द म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. पण पलीकडची हरणं मात्र येणार, कारण ट्रक सांगून झालेत. मी म्हटलं, ती मरतील. म्हणाले, "वाहनांचं ठरलंय." मी हात टेकले.

पहिल्या पिशवीचं सांगायचं राहिलं. सगळ्या पेटीत तो नमुना उत्तम होता, ते रूप आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलेलं. त्याच हरणाचं आणखी काही ठेवलं असशील तर पाठव ना. आणि कानतुटी कशी आहे? तीन पत्रं झाली, तू तिचं काही लिहीत नाहीस.

वहिनी

---

११ मार्च

वहिनी,

पहिली पिशवी कानतुटीची होती.

नेमबाजांनी माझी मिठाची लादीच निवडली, हरणं तिथे आपणहून येतात म्हणून. जीपचा आवाज आल्यावर बाकीची पळाली. ती मान वर करून उभी राहिली, कारण जीप म्हणजे मी, हे तिला माहीत होतं. मी जीपमध्येच होते. तिची माणसाची भीती मोडली ती मी. नेमबाज म्हणाला, "असं सोपं हरीण वर्षात मिळत नाही." त्याची चूक नाही, त्याला पाठवलं होतं. मी खाली उतरून तिचा पाय कापला, कारण ते ठरलं होतं.

मला रडू आलं नाही. राग आला, तो अजून उतरत नाही. दुबळी होती ती ऑगस्टमध्येच पाण्याजवळ संपली होती, वहिनी. जानेवारीत उरली होती ती उठलेली. आम्ही निवडून निवडून त्यांनाच मारलं.

तिचं पाडस पळालेल्यांत होतं. परवा लांबून दिसलं. तिचं आणखी काही मी ठेवलेलं नाही.

ट्रक काल आले. पलीकडची हरणं उतरली आणि सरळ चिखलात जाऊन पाणी प्यायली. फार देखणी आहेत.

वन्सं

---

२० मार्च

वन्सं,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उघडलं, ते चुकलं. शेजारच्या टेबलावरचीने मला पाणी आणून दिलं. "तो नमुना उत्तम होता" हे मी तुला लिहिलं, ते कसं मागे घेऊ ते कळत नाही. मला फार वाईट वाटतंय. हे सरळच लिहिते, कारण चेष्टा करायला गेले तर जमणार नाही.

साहेबांनी मला दूध तपासायच्या विभागात धाडलंय. दिवसभर पांढरं बघायचं. त्यांना वाटतं ही शिक्षा आहे. तुझ्या पेट्या मात्र घरच्या पत्त्यावर पाठव, तुझ्या भावाचा फ्रीज रिकामा आहे.

चिलटं उठली की कळव. ती हरणं कशी राहतात तेही. मला बरोबर ठरायचं नाही गं, या खेपेला नको.

वहिनी

---

१७ सप्टेंबर

वहिनी,

तू बरोबर ठरलीस.

चिलटं या वर्षी लवकर उठली. पलीकडची हरणं एकामागून एक पाण्यात येऊन उभी राहिली, तीच निळी जीभ, तीच टाकलेली मान. आपल्याला काय होतंय हेही त्यांना कळत नव्हतं असं वाटायचं. ट्रकमधून आली त्यांतली बोटावर मोजण्याएवढी उरलीत. मी ऑफिसला कळवलं. उत्तर आलं, मृत्यूंची नोंद घेतली आहे, कळप सुधारण्याचा पुढचा टप्पा प्रक्रियेत आहे. माझी आता जीभसुद्धा सुजत नाही.

नमुने पेटीत आहेत, तुझ्या फ्रीजसाठी. पिशव्यांवर आकडे टाकलेत, पण पुढे काय लिहायचं ते तू सांग. गेल्या वर्षी यांच्याच भाऊबंदांच्या पिशव्यांवर मी मोठ्या अक्षरात निरोगी लिहिलं होतं. या खेपेला मी जागा कोरी ठेवलीय.

आता दुसरं. मागच्या आठवड्यात कानतुटीचं पाडस डबक्यात बसलं. आता पाडस म्हणायचं एवढंच, चांगलं उंच झालंय. मी काठावर बसून राहिले. पिशवी नव्हती आणली, सुरीही नाही. चिलटांनी मला फोडून काढलं. पहिल्या दिवशी ते उठलं नाही. दुसऱ्या दिवशी मान वर धरली, आणि उन्हं कलता कलता उठलं, पडलं, परत उठलं, आणि त्याच्या आईसारखंच शिंकलं. मग मला बघितलं आणि जीव घेऊन पळालं. मिठाची लादी मी मार्चमध्येच उचलून नदीत टाकली होती, आणि जीप आता लांब उभी करते. मी दिसले की ते पळतं. मला फार बरं वाटतं.

त्याच्या खुरांवर खाच उमटायला अजून अवकाश आहे. तुला त्याचा नमुना हवा असणार, मी ओळखते तुला. मिळेल. ते म्हातारं होऊन, दात झिजून, आपल्या मरणाने मरेल, तेव्हा मी त्याचा पाय बर्फात घालून पाठवीन. तोवर तू निवृत्त होऊन दादाच्या डोक्याला ताप देत घरी बसलेली असशील. फ्रीज चालू ठेवा.

वन्सं